समोरच्या दाताची कॅप: कधी बदलायची, कशाची बसवायची, किती दातांना बसवायची?

गेल्या पावसाळ्यात वरळी कोळीवाड्यातल्या आमच्या शेजारच्या, मासळी विकणाऱ्या मावशींनी कागदाची एक छोटी पुडी माझ्या हातावर ठेवली. आत वरच्या पटाशीच्या दाताची जुनी कॅप होती. पुढून पाहिलं तर दातच, पण उलटी केली की आतून करड्या धातूची वाटी. जी कड हिरडीला टेकत होती तिथे काळी रेघ, आणि खालच्या कोपऱ्यातला पांढरा थर टवका उडून गेलेला. ही कॅप अठरा वर्षं त्यांच्या तोंडात होती. त्यातली शेवटची सहा-सात वर्षं गिऱ्हाइकाशी बोलताना हसू आलं की त्यांचा हात आधी तोंडावर जायचा.

कॅप काढण्याआधी मावशींनी तीन डॉक्टरांचं मत घेतलं होतं. पहिले म्हणाले, कॅप घट्ट आहे, टवका गुळगुळीत करून देतो, राहू द्या. दुसऱ्यांचं म्हणणं होतं, ही आणि शेजारच्या पटाशीची, दोन्ही पुढच्या कॅप बदलू. तिसऱ्यांनी सुचवलं, दोनच बदलल्या तर बाजूच्या दातांशी रंग जुळणार नाही, वरचे सहाही करून टाकू. मावशींना वाटलं, तिघांपैकी दोघं फसवतायत. दंतवैद्यकाचं जगभरचं लिखाण चाळल्यावर मला दिसलं, की या तिन्ही सल्ल्यांमागे अभ्यासकांनी गांभीर्यानं मांडलेल्या तीन भूमिका आहेत आणि त्यांच्यातला वाद अजून मिटलेला नाही. त्या वादाची आजची स्थिती इथे क्रमानं मांडतो.

प्रश्न येतो कुठून

समोरच्या दातावर कॅप येण्याचं पहिलं कारण म्हणजे लहानपणी पडणं. दुधाचे दात पडून कायमचे आले की वरचे मधले दोन दात सगळ्यांत पुढे असतात, त्यामुळे मार आधी त्यांना बसतो. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कायमच्या दातांना कधी ना कधी इजा झालेल्यांचं प्रमाण सुमारे १५ टक्के निघालं. आमच्याकडे बंदराच्या ओल्या पायऱ्या आहेत, किल्ल्याखालचे शेवाळलेले खडक आहेत. ज्याचा दात तिथे तुटलाय असा एखादा तरी माणूस प्रत्येक आळीत सापडेल.

दुसरं कारण कीड. कीड दातातल्या नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल होतं, आणि नस मेलेला दात पुढे काळवंडू शकतो. तिसरं कारण सवयींचं आहे. जाळं शिवताना नायलॉनचा धागा दातानं तोडला जातो, बाटलीचं झाकण दातानं उघडलं जातं, आणि मशेरी वर्षानुवर्षं बोटानं दातांवर घासली जाते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिचे डाग दातावर बसतात आणि हिरडीचंही नुकसान होतं.

बसवलेली कॅप बिघडते ती दोन प्रकारांनी. एक बिघाड रूपाचा. वयानं, जोरात ब्रश केल्यानं किंवा हिरडीच्या आजारानं हिरडी वर सरकते, झाकलेली धातूची कड उघडी पडते आणि काळी रेघ दिसायला लागते. शेजारचे खरे दात वयासोबत पिवळसर होतात, कॅप मात्र बसवली त्या दिवसाच्या रंगाची राहते. वरच्या पोर्सेलीनचा टवका उडतो. दुसरा बिघाड रोगाचा. कडेचं सिमेंट विरघळून आत फट पडते, फटीत कीड लागते, वास येतो, मुळाशी पू होतो किंवा आतला खुंट, म्हणजे कॅपखालचा घासलेला दात, मोडतो.

आरशात हे दोन्ही बिघाड सारखेच दिसू शकतात. काळी रेघ नुसत्या धातूची असेल किंवा तिच्याआड कीडही असेल. तो फरक एक्स-रे काढून आणि कडेवरून बारीक टोकाचं हत्यार फिरवूनच कळतो. पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया हा फरक आहे.

सव्वाशेहून अधिक वर्षांचा प्रवास

समोरच्या दाताला दातासारखीच दिसणारी कॅप घालण्याची कल्पना अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांची. १८८९ मध्ये त्यांनी पोर्सेलीनच्या जॅकेट क्राऊनचं पेटंट घेतलं. दिसायला ती सुंदर होती, पण चहाच्या कपासारखी फुटायची. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं टिकाऊ कॅप म्हणजे सोन्याची कॅप. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या माणसांच्या तोंडात सोन्याचा दात चमकायचा, आणि त्याचं कुणाला वावगं वाटत नसे.

१९६२ मध्ये वाइनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पेटंटं आली. सोन्याच्या मिश्रधातूवर पोर्सेलीनचा थर पक्का चिकटवण्याची रीत त्यांत होती. धातूची ताकद आणि पोर्सेलीनचं रूप एकत्र आलं. आपण दवाखान्यात ‘पीएफएम’ किंवा ‘मेटल-सिरॅमिक’ म्हणतो ती कॅप हीच. पुढे सोनं महागलं आणि आतल्या वाटीला निकेल-क्रोमसारखे स्वस्त मिश्रधातू आले. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये मॅक्लीन आणि ह्यूज यांनी पोर्सेलीनमध्ये अॅल्युमिना मिसळून धातूशिवायची मजबूत कॅप बनवली आणि तिथून बिनधातूच्या सिरॅमिकची शर्यत सुरू झाली. १९८५ मध्ये झुरिकमध्ये संगणकाच्या मदतीनं दाताचं भरण तासून बसवण्यात आलं. १९९८ मध्ये लिथियम डायसिलिकेटची काचमिश्रित सिरॅमिक बाजारात आली. ‘ई-मॅक्स’ या नावानं आज ओळखलं जातं ते याच कुळातलं साहित्य. नव्या शतकाच्या तोंडावर झिरकोनिया आलं.

इकडे दंतशिक्षणाचं पहिलं महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानं डॉक्टरांबरोबर डेंटल मेकॅनिकचीही नोंदणी ठरवून दिली. कॅप घडवणारा हात बहुतेक वेळा डॉक्टरांचा नसतो, लॅबमधल्या या कारागिराचा असतो. रुग्ण त्याला कधी भेटत नाही.

पहिला वाद: बदलायची की राहू द्यायची?

रोगाचा बिघाड असेल तर फारसा वाद नाही, कॅप बहुतेक वेळा काढावी लागते. वाद आहे तो फक्त रूप बिघडलेल्या, पण घट्ट आणि निरोगी कॅपबद्दल.

राखून ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा. सिमेंटनं बसवलेली कॅप सहसा अलगद निघत नाही, ती कापून काढावी लागते. कापताना खालच्या खुंटाला धक्का बसतो, नवी कॅप नीट बसावी म्हणून खुंट आणखी थोडा घासला जातो. दर फेरीला दात थोडा कमी होतो. नस जिवंत असेल तर तिलाही धोका असतो. हाँगकाँगच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मेटल-सिरॅमिक कॅपखालच्या जिवंत नसांपैकी सुमारे ८४ टक्के दहा वर्षांनंतरही जिवंत होत्या. याचा अर्थ साधारण सहा दातांमागे एकाची नस मेली, आणि हा आकडा पहिल्यांदा बसवलेल्या कॅपचा आहे. म्हणून हे डॉक्टर आधी छोटे उपाय सुचवतात. टवका उडालेली जागा खरवडून, रसायनानं तयार करून तिथे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरता येतं, धार गुळगुळीत करता येते. काही वेळा उघडी पडलेली मुळाची बाजू हिरडीच्या छोट्या शस्त्रक्रियेनं झाकता येते. यातला कुठलाही उपाय कायमचा नसतो. कॉम्पोझिट डागाळतं, पुन्हा निघतं. पण तेवढी वर्षं खुंट वाचतो.

दुसऱ्या बाजूचे डॉक्टर विचारतात, दिसणं हा आरोग्याचा भाग नाही असं कुणी ठरवलं? एफडीआय या दंतवैद्यकाच्या जागतिक संघटनेनं २०१६ मध्ये मौखिक आरोग्याची नवी व्याख्या स्वीकारली. बोलणं, चावणं, गिळणं यांच्या बरोबरीनं हसता येणं आणि चेहऱ्यावरून भावना आत्मविश्वासानं दाखवता येणं हे तिनं आरोग्यातच धरलं. तोंडाच्या आरोग्याचा जगण्यावर काय परिणाम होतो हे मोजायला जगभर जी चौदा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, तिच्यात दातांमुळे लाज वाटली का, हा प्रश्न आहेच.

आमच्या वाड्यात बसून मला ही बाजू पोकळ वाटत नाही. मासळी विकणाऱ्या बाईचा धंदा समोरासमोरचा. भाव सांगायचा, ताजेपणा पटवायचा, नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या घरची चौकशी करायची, सगळं तोंडानं. तोंडावर हात ठेवून हे होत नाही. तिला कॅप बदलावीशी वाटली तर त्याला हौस म्हणणं अन्यायाचं आहे.

आज बहुतेक विचारी डॉक्टर या दोन टोकांच्या मध्ये उभे आहेत. रूपाचा त्रास खरा मानायचा, पण बदलण्याआधी दुरुस्तीचा पर्याय समोर ठेवायचा आणि बदलताना खुंटाचं काय जाणार हे आधी सांगायचं, एवढ्यावर त्यांचं एकमत होत आलं आहे. किती त्रास झाला म्हणजे ‘पुरेसा’ म्हणायचा, हे मात्र रुग्ण आणि डॉक्टर यांनाच मिळून ठरवावं लागतं.

दुसरा वाद: कशाची कॅप?

रुग्ण पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो. उत्तर मात्र तो धरून चालतो तितकं सरळ नाही.

वाकवून मोडण्याची ताकद मोजली तर जुन्या पोर्सेलीनची शंभर मेगापास्कलच्याही आत भरते. लिथियम डायसिलिकेटची चारशेच्या आसपास, नेहमीच्या झिरकोनियाची हजारच्या आसपास. आकडे पाहिले की झिरकोनिया जिंकलं असं वाटतं. पण तोंडातला अनुभव वेगळा आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात पाच वर्षांनी शाबूत असलेल्या कॅपचं प्रमाण असं निघालं: मेटल-सिरॅमिक ९४.७ टक्के, लिथियम डायसिलिकेट आणि तिच्या जातीच्या सिरॅमिक ९६.६ टक्के, झिरकोनिया ९२.१ टक्के, साधी पोर्सेलीन ९०.७ टक्के. सगळ्यांत मजबूत साहित्य पहिलं आलं नाही. त्या काळच्या झिरकोनियाच्या कॅपवर पोर्सेलीनचा वेगळा थर चढवलेला असे आणि तो थर निघायचा, हे त्याचं एक कारण. आज अख्खी कॅप एकाच झिरकोनियाच्या ठोकळ्यातून तासतात, त्यामुळे थर निघण्याचा प्रश्न मिटला. अडचण राहिली ती पारदर्शकतेची. मजबूत झिरकोनियातून उजेड कमी जातो, आणि पुढचा दात निर्जीव दिसतो. अलीकडच्या जास्त पारदर्शक झिरकोनियानं रूप सुधारलं, पण ताकद बरीच कमी करून.

धातूच्या बाजूनं बोलणारे अजून आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. मेटल-सिरॅमिक स्वस्त पडते आणि तिचा अनुभव जुना आहे. शिवाय ती काळवंडलेला खुंट पूर्ण झाकते. ही गोष्ट पुढच्या दातात मोठी आहे. रूट कॅनाल झालेला, आत धातूची पोस्ट (आधाराची काडी) बसवलेला खुंट बरेचदा करडा असतो. त्यावर ई-मॅक्सची पातळ कॅप घातली तर तो करडेपणा आतून झिरपतो आणि महागडी कॅप मळकट दिसते. उलट खुंट दाताच्याच रंगाचा असेल तर ई-मॅक्समधून उजेड खऱ्या दातासारखा आरपार जातो. मेटल-सिरॅमिकचे दोष उघड आहेत: हिरडी सरकली की काळी रेघ दिसते, आणि काही माणसांना निकेलची अॅलर्जी असते.

त्यामुळे साहित्याच्या वादात आज कुणी एकच नाव घेत नाही. खुंटाचा रंग, चावा किती जोराचा, रात्री दात खाण्याची सवय आहे का, हसताना हिरडी किती दिसते, यावर निवड ठरते. आधी साहित्य ठरवून मग दात बघणं हा उलटा क्रम आहे, यावर तिन्ही बाजूंचे जाणकार सहमत आहेत.

तिसरा वाद: दोन दात की सहा?

१९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरती पातळ पोर्सेलीनची पापुद्री चिकटवत आणि नंतर काढून टाकत. दात घासत नसत. पुढे चिकटवण्याचं तंत्र सुधारलं आणि हसणं कायमचं बदलण्याचा उद्योग उभा राहिला.

सहा किंवा आठ दात एकत्र करा म्हणणाऱ्यांचं कारण तंत्राचं आहे. एकाच मधल्या दाताची कॅप शेजारच्या खऱ्या दाताशी जुळवणं हे दंतवैद्यकातलं सगळ्यांत अवघड काम समजलं जातं. सगळे दात नव्यानं केले तर जुळवायला काही उरतच नाही. आकार, लांबी, रांग सगळं एकसारखं करता येतं.

विरोधकांचा आधार मोजमापाचा आहे. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये दाखवलं, की पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा सुमारे ६३ ते ७२ टक्के भाग घासून काढावा लागतो. पातळ व्हेनियरसाठी, म्हणजे दातावर पुढून चिकटवायच्या पापुद्रीसाठी, हेच प्रमाण ३ ते ३० टक्के. ज्या चार दातांना काही झालेलं नाही, त्यांचा दोन तृतीयांश भाग केवळ जुळणीसाठी घालवायचा का, हा त्यांचा प्रश्न. २०१० मध्ये ब्रिटिश दंतवैद्य मार्टिन केलहर यांनी यासाठी ‘मुलीची कसोटी’ मांडली: समोरच्या रुग्णाला जे करू म्हणतोय ते मी माझ्या मुलीच्या दातांना करीन का, हे डॉक्टरनं स्वतःला विचारावं. गेल्या काही वर्षांत ब्रिटनमधले अनेक तरुण तुर्कस्तानात जाऊन सगळे दात घासून पांढऱ्या कॅप बसवून आले आणि नंतरचा त्रास घेऊन घरच्या डॉक्टरांकडे गेले. ब्रिटिश डेंटल असोसिएशननं त्याबद्दल जाहीर इशारे दिले.

सहा दातांच्या बाजूनं कधी कधी ‘सुवर्ण गुणोत्तरा’चाही दाखला देतात. शेजारशेजारच्या दातांच्या दिसणाऱ्या रुंदीत हे ठरावीक प्रमाण असावं, ही कल्पना लेव्हिन यांनी १९७८ मध्ये मांडली. प्रेस्टन यांनी १९९३ मध्ये प्रत्यक्ष मोजलं तेव्हा मधला आणि शेजारचा दात या गुणोत्तरात बसणारी माणसं फक्त १७ टक्के निघाली. बहुसंख्यांचे खरे दात त्या सूत्रात बसत नाहीत. सूत्राला मार्गदर्शक म्हणून किंमत असेल, पण निरोगी दात घासण्यासाठी ते पुरेसं कारण होत नाही.

मधला मार्ग निघाला आहे तो ब्लीचिंगमधून. आधी शेजारचे खरे दात रसायनानं उजळायचे, रंग स्थिरावण्यासाठी साधारण दोन आठवडे थांबायचं आणि मग त्या रंगाला जुळणाऱ्या दोनच नव्या कॅप करायच्या. कॅप स्वतः ब्लीचनं उजळत नाही, म्हणून क्रम हाच असावा लागतो.

हिरडी: वाद कमी, दुर्लक्ष जास्त

साहित्यावर जेवढं बोललं जातं त्याच्या निम्मंही हिरडीवर बोललं जात नाही, आणि समोरच्या कॅपचं रूप बिघडतं ते बरेचदा तिथेच. दातावर हिरडी जिथे चिकटलेली असते त्या पट्ट्याची सरासरी उंची गार्गिउलो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मोजली, ती सुमारे दोन मिलिमीटर भरली. कॅपची कड लपवण्यासाठी ती या पट्ट्यात खोल घुसवली तर हिरडी लाल होते, सुजते, ब्रश करताना रक्त येतं आणि काही वर्षांत मागे सरकते. लपवलेली कड पुन्हा उघडी पडते. म्हणून आज सल्ला असा की कड हिरडीच्या रेषेवर किंवा अगदी किंचित आत ठेवा, खोल नको.

दुसरा नियम खुंटाचा. नवी कॅप टिकायची तर तिच्या कडेच्या आत चारही बाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर शाबूत दात हवा. लाकडी पिंपाला जसं लोखंडी कडं धरून ठेवतं तशी कॅप शाबूत दाताच्या त्या पट्टीला धरून असते. तेवढा दात उरला नसेल तर हिरडीची शस्त्रक्रिया करून दात उघडा करावा लागतो, नाहीतर दात काढून ब्रिज किंवा इम्प्लांटचा विचार करावा लागतो. इथेच जुन्या प्रत्येक फेरीत किती दात गेला त्याचा हिशेब पुढे येतो.

वेळेचा मुद्दाही याला जोडलेला आहे. सुजलेल्या हिरडीवर माप घेतलं तर सूज उतरल्यावर कड उघडी पडते. म्हणून आधी साफसफाई, मग नीट बसणारी टेम्पररी कॅप, काही आठवडे थांबून हिरडी गुलाबी आणि घट्ट झाली की माप. समोरच्या दातांवर हिरडीची शस्त्रक्रिया झाली असेल तर तीन ते सहा महिने थांबायला सांगतात. मावशींनी हे काम मासेमारीबंदीच्या काळात काढलं. १ जून ते ३१ जुलै बोटी नांगरलेल्या, घरची धावपळ थोडी कमी. त्या दोन महिन्यांत हिरडीलाही सावरायला वेळ मिळाला.

रंग जुळवण्याचा एक तास

रंग जुळवण्याच्या दिवशी मी मावशींबरोबर गेलो होतो. मला वाटलं होतं शेवटी पाच मिनिटांत होईल. डॉक्टरांनी ते सगळ्यांत आधी केलं. तोंड उघडं राहिलं की दात सुकतात आणि खोटे पांढरे दिसतात, असं कारण त्यांनी सांगितलं. मावशींना खिडकीशी बसवलं, ओठांची लिपस्टिक पुसायला लावली, हिरव्या झगझगीत साडीवर पांढरा टॉवेल टाकला. मग दातांच्या नमुन्यांची पट्टी पुढे आली. १९५६ पासून जगभर वापरात असलेल्या या पट्टीत सोळा छटा असतात. एकेक नमुना शेजारच्या दाताजवळ धरून डॉक्टर क्षणभर पाहायच्या आणि नजर वळवायच्या. जास्त वेळ टक लावली की डोळा फसतो. हिरडीजवळ एक छटा जुळली, मध्यभागी दुसरी, टोकाला निळसर पारदर्शक. तीन छटा, दोन बारीक पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ कागदावर काढून फोटोसह लॅबला गेली. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो, म्हणून तपासणी दोन्ही उजेडांत झाली.

आता रंग मोजणारी यंत्रं आणि तोंडातच फिरवायचे स्कॅनर आले आहेत. मापाच्या वेळची मळमळ आणि चुका त्यांनी कमी केल्या. पण समोरच्या एकट्या दातासाठी कारागिराच्या कुंचल्याची गरज त्यांनी संपवलेली नाही.

पैसा, वॉरंटी आणि कायदा

कॅपच्या साहित्यागणिक किमतीत मोठा फरक पडतो, आणि बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचे नेहमीचे उपचार येत नाहीत. त्यामुळे हा खर्च घरातूनच होतो. विम्यासारखीच, उपचार आणि सजावट यांच्यातली एक रेघ कायद्यातही दिसते. जीएसटीच्या २०१७ च्या तरतुदींत आरोग्यसेवेला सूट आहे, पण कॉस्मेटिक सर्जरी तीतून वगळली आहे. जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा अपघात यांमुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तर मात्र सूट लागू होते. उपचार कुठे संपतो आणि सजावट कुठे सुरू होते, हा डॉक्टरांतला वाद करखात्यालाही सोडवावा लागला आहे.

झिरकोनियाच्या कॅपबरोबर अनेक लॅब आता वॉरंटी कार्ड देतात, काही दहा, पंधरा वर्षांचं. रुग्णाला ते कार्ड म्हणजे हमी वाटते. पण ती हमी साधारणपणे कॅप फुटण्याची असते. खालच्या दाताला कीड लागली, नस मेली, हिरडी सरकली किंवा खुंट मोडला तर ते कार्ड उपयोगी पडत नाही. समोरची कॅप निकामी होते ती अनेकदा याच कारणांनी.

नियमनही बदलतं आहे. १९४८ च्या कायद्याखालच्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणण्यासाठी २०२३ मध्ये संसदेनं नवा कायदा केला. सौंदर्याच्या नावाखाली होणाऱ्या दंतोपचारांना, त्यांच्या जाहिरातींना आणि रुग्णाच्या संमतीला कोणते नियम लागू करायचे, हे त्या चौकटीत स्पष्ट व्हायला हवं.

काय उलगडायचं राहिलं आहे

पहिली उणीव पुराव्याच्या वयाची. बहुतेक अभ्यास पाच ते दहा वर्षांचे आहेत. पंचविशीत कॅप बसवलेल्या मुलीला साठ वर्षांचं नियोजन हवं असतं. पारदर्शक झिरकोनियाचा तोंडातला अनुभव तर अजून बराच लहान आहे.

दुसरी, बहुतेक आकडे पहिल्या कॅपचे आहेत. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बदललेल्या समोरच्या कॅपचं काय होतं, यावर स्वतंत्र पुरावा थोडा आहे, आणि आपला प्रश्न नेमका तोच आहे.

तिसरी, ‘टिकली’ म्हणजे काय? अभ्यासात कॅप तोंडात असली की ती टिकली. काळ्या रेघेची, रंग न जुळलेली कॅपही त्या हिशेबात यशस्वी ठरते. रुग्णाच्या समाधानाची नोंद त्याच्या बरोबरीनं घेणारे अभ्यास कमी आहेत.

चौथी, आकडे मुख्यतः विद्यापीठांच्या दवाखान्यांतून आलेले, नियमित तपासणीला येणाऱ्या रुग्णांचे. मशेरी लावणारी, दर खेपेला बाजाराचा दिवस बुडवून येणारी, वर्षातून एकदाही साफसफाईला न जाणारी माणसं त्यांत क्वचितच असतात. आपल्या दवाखान्यांनी स्वतःच्या नोंदी ठेवून प्रसिद्ध केल्या तर ही पोकळी भरेल.

आढाव्यातून निघतं ते

मतभेद बाजूला ठेवले तर काही गोष्टींवर सगळे येऊन थांबतात. समोरची बिघडलेली कॅप रूपासाठी बदलणं हा योग्य उपचार असू शकतो. ती बदलण्याआधी एक्स-रे आणि हिरडीची तपासणी हवी. दुरुस्तीचा पर्याय विचारून झालेला हवा. निरोगी शेजारी दात जुळणीसाठी घासण्याआधी ब्लीचिंगचा विचार हवा. साहित्य खुंट बघून ठरावं, आणि माप हिरडी बरी झाल्यावरच घ्यावं.

मावशींच्या दोनच कॅप बदलल्या. शेजारचे चार दात त्यांचे स्वतःचेच आहेत. जुन्या कॅपची पुडी त्यांनी गोल्फादेवीच्या तसबिरीमागे ठेवली आहे.

वाचणाऱ्यांपैकी कुणी उद्या याच कामासाठी खुर्चीत बसणार असेल तर एवढंच करावं: कोणती कॅप, हे विचारण्याआधी डॉक्टरांना एक्स-रे दाखवायला सांगावं आणि विचारावं, ‘आत माझा दात किती शिल्लक आहे, आणि यावेळी त्यातला किती जाणार?’ उत्तर समजेपर्यंत घासायला संमती देऊ नये.